जमीन, पाणी, हवा आणि मर्सिडीज

अब्रू कष्टाने मिळते, असं शाळेत शिकवतात. अलिबागेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे. मुंबईने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या फुकट बदनाम केलं. कुणी उलट्या दिशेच्या लोकलमध्ये चढला, कुणी भाव न करता पैसे दिले, कुणी वाजवीपेक्षा जास्त सभ्यपणा दाखवला, की सवाल ठरलेला: ‘अलिबाग से आया है क्या?’ २०१९ साली एका अलिबागकराने या सवालावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. निकालाचा मान राखून आम्ही मनाला लावून घेणं बंद केलं. तोवर त्याच मुंबईतले क्रिकेटपटू, नट, उद्योगपती आणि त्यांचे आर्किटेक्ट आवास, सासवणे, झिराड, किहीम, थळ इथे जागा बघत फिरू लागले होते. आता मुंबईच्या पार्ट्यांमध्ये ‘वीकएंडला आम्ही अलिबागला असतो’ हे वाक्य मुद्दाम आवाज चढवून म्हणतात म्हणे. बदनामी चालू होती तेव्हा आम्ही भाताची लावणी करत होतो. कीर्ती झाली तेव्हाही लावणीच करत होतो. दोन्हींत आमचा हात नव्हता. हात चिखलात होते.

म्हणून महागड्या गाड्यांच्या कीर्तीवर बोलायचा अधिकार अलिबागकराइतका दुसऱ्या कुणाला नाही, असं माझं मत आहे. कीर्ती कशी चिकटते आणि कशी सुटते, याचा अनुभव आमच्या गाठीला आहे. शिवाय माल घरपोच येतो. शुक्रवार संध्याकाळ झाली की मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा रस्ता म्हणजे गाड्यांचं प्रदर्शन, तेही बिनतिकिटाचं. टपरीवर चहा घेत बसलं की चार कड्यांची जाते, निळ्या-पांढऱ्या चकतीची जाते, उड्या मारणाऱ्या जनावराची जाते. बघणारे बघतात, पुन्हा चहाकडे वळतात. पण तीन टोकांच्या चांदणीची आली की एखादा तरी म्हणतोच, ‘मर्सिडीज!’ बाकीच्या गाड्या महाग आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं. ही महाग आहे हे रस्त्यात बसलेल्या गुरांनाही माहीत असावं. तिच्यासमोर ती जरा जास्त वेळ बसतात.

आता एवढी मोठी कीर्ती म्हटल्यावर खानदान तपासलं पाहिजे. आमच्याकडे स्थळ आलं की सात पिढ्या उकरतात, मग गाडीला का सोडायचं? तर उकरलं. आणि जे निघालं ते पाहून मर्सिडीजबद्दलचा आदर वाढला की कमी झाला ते ठरवता येईना, पण जवळीक मात्र फार वाढली.

पहिली गोष्ट म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष तीनचाकी होता. जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला (पुढे त्याला ३७४३५ हा क्रमांक मिळाला), जगातली पहिली मोटारगाडी म्हणून ज्याच्यापुढे सगळे हात जोडतात, त्याला पुढे एक आणि मागे दोन अशी तीन चाकं होती. शक्ती एका घोड्याहूनही कमी. वेग, अगदी मनावर घेतलं तर, ताशी सोळा किलोमीटर. अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर याच आराखड्याची वाहनं आजही रांगेत उभी असतात. त्यांना मिनीडोर म्हणतात. अधिकृत आसनं सहा, बाकीची चालकाच्या मर्जीवर. ‘चोंढी, चोंढी, चोंढी’ अशी आरोळी ठोकत असलेल्या मिनीडोरवाल्याला कुणी सांगितलं नसावं, पण वंशवृक्ष पाहिला तर मूळ घराण्याची चाल त्याने राखली आहे. चौथं चाक हे थोरल्या घराने नंतर केलेलं फॅड आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. ही गाडी विकली जाईना. लोक बघायचे, हसायचे, घाबरायचे आणि घोडागाडीत बसून निघून जायचे. कार्ल बेन्झ हा हुशार पण भिडस्त माणूस. त्याच्या कारखान्यात मुळात पैसा गुंतला होता तो बायकोच्या हुंड्याचा, तोही लग्नाआधीच उचललेला. त्या बायकोने, बर्थाने, ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे नवरा झोपेत असताना दोन मुलांना उठवलं, गाडी आवाज न करता बाहेर ढकलली आणि निघाली. कुठे? माहेरी. फोर्त्सहाइमला, आईकडे. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास वेगाच्या नशेने झाला नाही, शर्यतीसाठी झाला नाही. शाळेला सुट्टी होती आणि बाईला माहेरी जायचं होतं म्हणून झाला. मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मुद्द्यावर फार वेळ घालवलेला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला मात्र यात काही विशेष वाटणार नाही.

वाटेत इंधन संपलं. पेट्रोलपंप नावाची वस्तू जगात नव्हती. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायचा एक द्रव मिळायचा, तो बाईंनी घेतला आणि टाकीत ओतला. नळी तुंबली ती टोपीच्या पिनने मोकळी केली. तारेचं आवरण गेलं तिथे पायमोजा धरून ठेवणारा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची. आणि परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर लागेल. म्हणजे पहिली लांब पल्ल्याची चालक, पहिली मेकॅनिक, पहिली तक्रारदार ग्राहक आणि पहिली जाहिरात, सगळं एकाच बाईत. हल्ली या कामांसाठी चार विभाग आहेत आणि चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

अलिबागकराच्या डोळ्यांत भरतं ते अंतर. मानहाइम ते फोर्त्सहाइम, बाईंनी घेतलेल्या वळणांसकट, साधारण शंभर किलोमीटर. मुंबई ते अलिबाग, पनवेल-पेण-वडखळ मार्गे, साधारण शंभर किलोमीटर. बर्थाबाई पहाटे निघाल्या आणि अंधार पडता पडता पोहोचल्या, मूठभर अश्वशक्तीवर, मोटारीसाठी रस्ता नसताना. गणपतीच्या आदल्या दिवशी किंवा वर्षअखेरीच्या सुट्टीत तीनशे अश्वशक्तीची गाडी घेऊन निघालेल्यांनी वडखळच्या नाक्यावर आणि पुढे कार्ले खिंडीत उभं राहून स्वतःच्या प्रगतीचा हिशेब करावा. ताशी सोळाचा वेग तिथे चैनीत मोडतो. आणि मागून पोरं ढकलतील म्हणावं, तर ती मोबाईलमध्ये असतात.

तिसरी गोष्ट नावाची. मर्सिडीज हे ना कुठल्या इंजिनिअरचं नाव, ना कारखानदाराचं. गॉटलिप डाइम्लर हा दुसरा जर्मन गृहस्थ, त्याचा कारखाना वेगळा. त्याच्या गाड्या फ्रान्समध्ये नीसच्या श्रीमंत समुद्रकिनाऱ्यावर खपवणारा एक उत्साही व्यापारी होता, एमिल येलिनेक. त्याला एक मुलगी, मर्सेडेस, जन्म १८८९. हा गृहस्थ तिच्या नावाने शर्यतींत उतरायचा. १९०० मध्ये त्याने डाइम्लरच्या कंपनीला छत्तीस गाड्यांची एकदम मागणी दिली आणि अट घातली की नाव माझ्या मुलीचं द्यायचं. छत्तीस गाड्यांचं गिऱ्हाईक म्हटल्यावर कंपनीने काय विचारायचं ठेवलं असेल? विल्हेल्म मायबाखने बनवलेली ती नवी गाडी १९०१ मध्ये नीसच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे गेली, १९०२ मध्ये नावाची नोंदणी झाली आणि १९०३ मध्ये बापाने स्वतःचं आडनाव बदलून येलिनेक-मर्सेडेस करून घेतलं. आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं. इथे बापामागे मुलीचं लागलं. थळ-नवगावच्या किनाऱ्यावर होड्यांच्या नाळेवर रंगवलेली नावं वाचली तर देवीखालोखाल घरच्या लेकीबाळीच निघतील. फरक इतकाच की आमच्या होडीवाल्याला कुणी छत्तीस होड्यांची ऑर्डर दिली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पैशांची तंगी आली आणि १९२६ मध्ये बेन्झ आणि डाइम्लर ही दोन घरं एक झाली. चूल एक केली की खर्च वाचतो, हे जर्मनांनाही कळतं. पुढे ही चांदणी कुणापुढे चमकायची याचा विधिनिषेध फारसा राहिला नाही. १९३० मध्ये कंपनीने पोपना गाडी भेट दिली, आणि त्याच दशकात हिटलरही याच चांदणीच्या लांबलचक उघड्या गाडीत उभा राहून हात वर करत फिरला. युद्धकाळात कारखान्यांत सक्तीने राबवलेले मजूर होते. स्थळ बघताना घरातले लोक ज्या गोष्टी हळू आवाजात सांगतात, त्यांतल्या या.

पण आपल्या देशातला भाग सगळ्यांत रंगतदार. भारतात ही चांदणी पहिल्यांदा रुबाबात मिरवली ती मोटारीवर नाही, ट्रकवर. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बाहेर पडू लागले. गोल नाकाचा तो ट्रक, आणि नाकावर अस्सल चांदणी. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी ‘टी’ आलं. म्हणजे आज ज्या चिन्हासाठी माणसं पन्नास-साठ लाख आणि त्यावर विमा मोजतात, ते चिन्ह आपल्या आजोबांच्या डोळ्यांत भाताची पोती, विटा, सिमेंट आणि बर्फाच्या लाद्या यांच्याशी जोडलेलं होतं. माझ्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्यांना नातवाने कौतुकाने मालकाची मर्सिडीज दाखवली. त्यांनी चांदणी निरखून पाहिली आणि म्हणाले, ‘या गाडीवर मी दोन वर्षं किन्नर होतो. रिव्हर्सला लय जड.’ नातवाने पुन्हा विषय काढला नाही.

मधल्या काळात खरी मोटार मर्सिडीज दिसायची ती सिनेमात, पांढरे बूट घातलेल्या माणसाबरोबर. परदेशी गाडीवर जबर आयात कर, परवान्यांची भानगड. वकिलातींतले साहेब बदलून गेले की त्यांच्या वापरलेल्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्या नट आणि उद्योगपतींच्या वाट्याला यायच्या. बाकीच्यांच्या मनात मर्सिडीज आणि चोरटं सोनं यांची गाठ पक्की बसली. गंमत पाहा, या दशकांत गाडीची कीर्ती वाढवण्यासाठी कंपनीने इथे बोट हलवलं नाही. ते काम हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी केलं, बिनपगारी.

उदारीकरण आलं. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेन्झची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि पिंपरीला टेल्कोच्याच आवारात मोटारींची जुळणी सुरू झाली. म्हणजे पंचवीस वर्षांनी नातेवाईक परत आला तो त्याच घरी उतरला. २००९ मध्ये स्वतःचा कारखाना झाला, चाकणला. चाकण म्हटलं की जुन्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा, आणि कांदा-बटाट्याचा बाजार. आता तिसरी मर्सिडीज. इथे अलिबागकराला स्वतःच्या कांद्याची आठवण येणं साहजिक आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांतला आमचा पांढरा कांदा, वेणी घालून विकतात तो, त्याला आता भौगोलिक मानांकन आहे. त्याचीही नक्कल होते. दुसरीकडचा पांढरा कांदा आणून, तशीच वेणी घालून, रस्त्यावर ‘अलिबागचा’ म्हणून मांडतात. ज्याची नक्कल करावीशी वाटते ती खरी प्रतिष्ठा, या कसोटीवर कांदा आणि मर्सिडीज एका रांगेत बसतात. कांद्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा असा की तो मालकाला रडवतो ते एकदाच, आणि चिरताना.

आता या वंशवृक्षातली सगळ्यांत सुंदर फांदी. मिनीडोर बनवली कुणी? बजाज टेम्पो या पुण्याच्या कंपनीने, जिचं नाव आता फोर्स मोटर्स आहे. फिरोदियांची कंपनी, तिचीही सुरुवात जर्मन सहकार्यानेच. याच कंपनीच्या ट्रॅक्समध्ये, म्हणजे ज्या गाडीत वडापवाल्यांनी कोकणातली एक अख्खी पिढी कोंबून नेली तिच्यात, मर्सिडीजच्या वाणाचं डिझेल इंजिन होतं. आणि भारतात तयार होणाऱ्या मर्सिडीज मोटारींची इंजिनं १९९७ पासून जुळवून कोण देतं? हीच कंपनी. थोडक्यात, अलिबागच्या स्टँडवर धूर सोडत उभी असलेली मिनीडोर आणि तिला हॉर्न मारून बाजूला हो म्हणणारी मर्सिडीज, या दोघींना एकाच पुणेरी घरातल्या हातांनी वाढवलेलं आहे. सख्ख्या नाही, पण सुतक लागेल इतक्या जवळच्या.

इथे मला प्रतिष्ठेचं गुपित सापडलं असं वाटतं. प्रतिष्ठा म्हणजे गरीब नातेवाईक विसरण्याची कला. शोरूममध्ये कॉफी देणारा तरुण बर्थाबाईंचं नाव घेतो, कारण त्या लांबच्या आणि वारलेल्या. बर्फाचा ट्रक, ट्रॅक्स, मिनीडोर यांचं नाव घेत नाही, कारण ती मंडळी अजून रस्त्यावर आहेत आणि ओळख दाखवतील. मोठ्या घरच्या लग्नात गावाकडच्या काकाला जेवायला शेवटच्या पंगतीत आणि फोटोत काठावर बसवतात, तेच हे.

अलिबागला ही कला जमत नाही, कारण इथे सगळे नातेवाईक एकाच रस्त्यावर भेटतात. आणि इथेच त्या चांदणीची खरी परीक्षा होते. तिची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा. तिन्हींवर डाइम्लरची इंजिनं चालतील, हे त्या घराण्याचं स्वप्न, म्हणून १९०९ मध्ये हे चिन्ह नोंदवलं. अलिबागला यायच्या वाटाही तीनच: पेणचा रस्ता, मांडव्याची बोट आणि, पैसा फारच झाला असेल तर, हेलिकॉप्टर. रेल्वे नाही. चांदणीला चौथं टोक नाही ते आमच्या सोयीचंच झालं.

जमिनीचं पाहू. मर्सिडीजचं पोट जमिनीपासून किती वर असावं हे जर्मनीत ठरलं, आणि आमचे गतिरोधक कुणी ठरवले ते आजवर पुढे आलेलं नाही. महिन्यातून एकदा तरी चांदणीची गाडी गतिरोधकावर तिरकी चढताना दिसते. आत बसलेले सगळे श्वास रोखून वर सरकतात, जणू त्याने वजन कमी होतं. खरी गंमत आक्षी-नागाव-चौलच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, वर नारळी-पोफळी, मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा. समोरून एसटी येते. आता मागे कुणी जायचं? कायद्यात याचं उत्तर असेल. नागावात उत्तर असं की ज्याच्या पत्र्यावर एक ओरखडा जास्त उठला तर कळणार नाही, तो पुढे येतो. एसटीच्या पत्र्यावर ओरखड्यांना जागा उरलेली नाही, त्यामुळे तिचा चालक हॉर्नही वाजवत नाही. तंबाखू मळत शांतपणे वाट बघतो. साठ लाखांची गाडी अर्धा किलोमीटर मागे जाते, आतला माणूस काच खाली करून गडग्याकडे बघत. आणि ती एसटी कुणाच्या सांगाड्यावर बांधलेली असते? अनेकदा टाटांच्या. म्हणजे धाकटी थोरलीला वाट देते. घरंदाजपणा म्हणतात तो हाच.

पाण्याचं पाहू. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांत टाळेबंदी आली. अलिबागच्या नशिबात काही सरळ नाही. पुन्हा सुरू झाल्यावर मात्र तिने चमत्कार केला: तासाभरात मोटारीसकट माणूस मांडव्याला. या बोटीच्या पोटातलं दृश्य बघण्यासारखं असतं. मर्सिडीज, तिच्या नाकाला नाक लावून कुणाचा छोटा टेम्पो, शेजारी दहा वर्षं जुनी मारुती, तिच्या टपावर बांधलेली गादी. भाडं गाडीच्या आकारावर ठरतं, चांदणीवर नाही. खाली सगळ्या गाड्या एकाच ओल्या लोखंडी फरशीवर, एकाच लाटेला एकाच बाजूला झुकतात. म्हणून मालक लगेच वरच्या मजल्यावर जातात; तिथे निदान वेगवेगळ्या दरांच्या खुर्च्या आहेत.

पाण्याची दुसरी परीक्षा किनाऱ्यावर. शहरी माणसाला समुद्र दिसला की गाडी वाळूवर न्यावीशी वाटते. गाडी जितकी महाग, तितकी ही इच्छा प्रबळ. ओहोटीची वाळू कडक दिसते, फोटो छान येतो. मग भरती येते. गाडीच्या पडद्यावर हवामान असतं, नकाशा असतो, जवळचं कॉफीचं दुकान असतं; तिथी नसते. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. कुलाबा किल्ल्यात जायला निघालेला घोडागाडीवाला घड्याळापेक्षा तिथीवर जास्त भरवसा ठेवतो आणि त्याची गाडी कधी वाहून गेलेली नाही. चाकं वाळूत रुतली की पुढचा कार्यक्रम ठरलेला: आधी मालक वेग देतो, मग गाडी आणखी खाली जाते, मग मित्र ढकलतात, मग गर्दी जमते, मग कुणीतरी ट्रॅक्टर नाहीतर बैल आणतो. बैलांच्या या कामाचा दर मागणी आणि पाण्याची पातळी यांवर ठरतो. पाणी दाराला लागलं की घासाघीस होत नाही. या व्यवहारात आम्ही कधीच कुणाला विचारत नाही की तुम्ही कुठून आलात.

हवेचं पाहू. अलिबागची हवा चांगली, असं म्हणून लोक बंगले बांधतात. माणसाला ती चांगलीच; लोखंडाचं तिच्याशी जुनं वैर. खारा वारा बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, सायकली, फ्रिजचं मागचं अंग, सगळं एका न्यायाने खातो. बंगल्यात गाडी ठेवून गेलेल्या मालकाचा राखणदाराला रोज फोन: पुसली का? झाकली का? राखणदार स्वतःच्या मोटारसायकलला आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवतो, आणि ती गेली कित्येक वर्षं चालू आहे. हवेतल्या दिखाऊपणाचं म्हणाल तर त्याचा शास्त्रीय अभ्यास किहीमला फार पूर्वी होऊन गेला. १९३०च्या सुमारास सालिम अली यांनी तिथे सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणून दारात लोंबकळत पंख फडफडवतो, मादी येऊन आत डोकावते. पसंत पडलं तर राहते, आणि नर ते पूर्ण करून दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. किहीमच्या आजच्या बांधकामांकडे बघताना हे निरीक्षण हाताशी असावं.

तरीही चांदणीच्या बाबतीत अखेरचा निर्णय कुणी द्यायचा, तर त्यासाठी अलिबागेत एक संस्थाच आहे. आमची चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा होती. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि शास्त्रज्ञ घाबरले, कारण त्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या. शांत, वाहनं नसलेली, पण फार लांब नसलेली जागा शोधता शोधता १९०४ मध्ये त्यांनी अलिबाग पसंत केलं. तिथल्या नोंदींच्या खोल्या लोखंडाचा खिळाही न वापरता बांधल्या. ट्रामपासून पळून अलिबागला आलेले हे पहिले मुंबईकर. पुढे आलेले सगळे त्यांच्यामागून, फक्त गाड्या बरोबर घेऊन. त्या वेधशाळेच्या संवेदनशील सुईला कुणी विचारलं की मर्सिडीज आणि भंगाराचा टेम्पो यांत फरक काय, तर ती सांगेल: वजनाचा. दोन्ही लोखंड, दोन्ही नोंदीत व्यत्यय. शंभरहून जास्त वर्षं गावात राहून इतकं निःपक्षपाती मत दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

पण माणसाच्या छातीत अशी सुई नसते. त्यामुळे आता चांदणीची गाडी फक्त मुंबईहून येत नाही, गावातही असते. वडिलोपार्जित जमिनीचे गुंठे पाडून विकले की हातात जी रक्कम येते, तिचं काय करायचं याचं शिक्षण कुठल्या शाळेत नाही, आणि शोरूम मात्र हवी तेवढी आहेत. अशांना गुंठामंत्री म्हणतात. आमच्या आळीतला एक मिनीडोरवाला आहे, त्याच्या पुतण्याने हेच केलं. रस्त्यालगतची वाडी गेली, दारात चांदणी आली. पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला आणि पुतण्याला गाडीचं पुस्तक दाखवायला सांगितलं. पुतण्याला वाटलं, किंमत बघायचीय. काकांनी बघितली ती नोंदणीची मुदत. पंधरा वर्षं.

‘सातबाऱ्यावर मुदत नव्हती रे,’ काका म्हणाले.

पुतण्या म्हणाला, काका, जमाना बदलला, ब्रँड आहे हा, जगात नाव आहे. काकांनी मान डोलावली. वाद घालायची त्यांना सवय नाही. स्टँडवर नंबर लागला होता. मिनीडोर सुरू करता करता त्यांनी एवढंच सांगितलं की पंधरा वर्षांनी आम्ही नसलो तरी आमचा पोरगा लाईनवर असेल, त्याला सांगून ठेवतो. चोंढीपर्यंत तुला पुढची सीट, आणि भाडं घ्यायचं नाही. घरातलं माणूस आहे.